एरियाच्या हँडबेल कॉन्फरन्सला पहिल्यांदा जाताना

माझ्या ओळखीतल्या दोन मराठी मैत्रिणी या वर्षी हँडबेल ग्रुपमध्ये शिरल्यात. दोघींची सुरुवात अगदी माझ्यासारखी, ऑफिसमधलं कोणीतरी म्हणालं आमच्याकडे एक माणूस कमी पडतोय, येशील का, आणि हँडबेलमध्ये एक माणूस कमी म्हणजे गाण्यातले दोन सूरच गायब, त्यामुळे नाही म्हणवत नाही. आता दोघींना एरियाच्या कॉन्फरन्सला जायचंय आणि रोज व्हॉट्सॲपवर प्रश्न येतायत, तर म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढते.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्पना करा, पेटीच्या पट्ट्या दहा-अकरा जणांत वाटून टाकल्या, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन, आणि मग सगळ्यांनी मिळून एकच गाणं वाजवायचं. पट्टीच्या जागी हातात कांस्याची सुरात लावलेली घंटा, बस. तीन सप्तकांच्या संचात 37 घंटा असतात, पाच सप्तकांच्या संचात 61. मूळ इंग्लंडचं, तिथे चर्चच्या मनोऱ्यातल्या अवजड घंटा ठराविक क्रमाने वाजवायचा सराव घरात बसून करता यावा म्हणून या हातातल्या घंटा आल्या. अमेरिकेतली संघटना 1954 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाली, आज तिचं नाव हँडबेल म्युझिशियन्स ऑफ अमेरिका. तिने देशाचे 12 एरिया पाडलेत, आम्ही न्यू जर्सीवाले न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनियाबरोबर एरिया 2 मध्ये, कॅलिफोर्निया-नेवाडा-हवाईवाले एरिया 12 मध्ये. या एरियांच्या कॉन्फरन्स होतात, बऱ्याच ठिकाणी वर्षाआड, साधारण तीन-चार दिवस, त्यात क्लासेस, छोट्या ग्रुप्सचे कार्यक्रम, आणि मुख्य म्हणजे मास्ड रिंगिंग, म्हणजे आलेले सगळे ग्रुप एका मोठ्या हॉलमध्ये एका कंडक्टरसमोर एकत्र वाजवतात.

तर पहिलं काम म्युझिकचं, म्हणजे छापील स्वरलिपीचं. रजिस्ट्रेशन उघडतं तेव्हा किंवा त्याच्याही आधी गाण्यांची यादी येते, ती आली की त्याच आठवड्यात ऑर्डर टाका. प्रत्येकाच्या समोर विकत घेतलेली प्रत लागते, फोटोकॉपी चालत नाही, आणि यात अजिबात चालढकल करू नका, या गाण्यांचे अरेंजर छोट्याशा बाजारासाठी लिहितात आणि त्यांचं पोट त्या प्रतींवर आहे. गाण्यांना 1 ते 6 अशा अवघडपणाच्या लेव्हल असतात. मास्ड रिंगिंगमध्ये बऱ्याचदा दोन गट असतात, सोप्या गाण्यांचा गट टिन्स आणि अवघड गाण्यांचा कॉपर्स, म्हणजे कथील आणि तांबं, जे दोन्ही मिळून घंटेचं कांस्य होतं (मला ही नावं फार आवडतात). पहिल्यांदा जाताय तर टिन्समध्येच जा. ग्रुपमधले अनुभवी लोक कॉपर्सचा आग्रह धरतील, तरी. पहिल्या वेळी हॉल, कंडक्टर, शेजारचं अनोळखी टेबल हे सगळंच नवीन असतं, गाणं तरी हातात बसलेलं असू द्या.

आणि एकट्या जाणार असाल, ग्रुप येत नसेल, तरी जाता येतं बरं का. बऱ्याच ठिकाणी एकेकट्या आलेल्यांचा मिळून एक ग्रुप बनवतात, फॉर्मवर तुमची पोझिशन, म्हणजे कुठल्या सुरांच्या घंटा वाजवता ते, विचारतात. तिथे जी खरंच वाजवता तीच लिहा. बासच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या घंटा काही किलो वजनाच्या असतात, दिवसभर उचलायची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मनगट उठत नाही.

म्युझिक आलं की आपले सूर मार्क करा. कोणी गोल करतं, कोणी डाव्या-उजव्या हाताला वेगळे रंग वापरतं, तुमची पद्धत असेल ती ठेवा. मी मात्र एक गोष्ट सगळ्यांना सांगते, सुरांइतकेच रेस्ट, म्हणजे गप्प राहायच्या जागा, मार्क करा, लाल पेन्सिलने. याचं कारण माझ्या पहिल्या कॉन्फरन्सला मला चांगलंच समजलं. एका गाण्यात मध्येच पूर्ण एक बीट सगळे थांबतात, एकही घंटा नाही. घरी रेकॉर्डिंग लावून सराव केला होता, सूर पाठ होते, पण ती जागा मी पानावर मार्क केली नव्हती आणि मान खाली होती. अख्खा हॉल थांबला आणि माझी ‘ए’ सुराची घंटा वाजली. घंटेचा सूर लपत नाही, तो लांबत जातो, मी घंटा खांद्याला टेकवून तो थांबवेपर्यंत शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. कोणी एक शब्द बोललं नाही, शेजारच्या बाईंनी नुसतं माझ्या पानावर त्या जागी पेन्सिलने चष्म्याचं चित्र काढून दिलं, म्हणजे इथे वर बघ. तो चष्मा अजून माझ्या त्या प्रतीवर आहे. शेकडो लोकांत तुमची एक घंटा वाजली नाही तर कोणाला कळतही नाही, पण शांततेत वाजलेली एक घंटा सगळ्यांना ऐकू येते, त्यामुळे शंका असेल तिथे सूर सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. मास्ड रिंगिंगमध्ये कानाने वाजवायचं नाही, डोळ्याने वाजवायचं. आपल्या लोकांना हे जड जातं कारण आपण भजनात, आरतीत, सगळीकडे कानानेच धरून घेतो. पण हिशोब करून बघा, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. हॉल 40 मीटर लांब असला तर पलीकडच्या टोकाची घंटा तुमच्या कानाशी यायला सेकंदाचा जवळजवळ आठवा भाग लागतो. गाणं मिनिटाला 120 बीट्सचं असेल तर एक बीट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे तुम्ही पाव बीट मागे पडलात. आणि तुमचं ऐकून जे वाजवणार ते आणखी मागे. असं करत करत चार ओळींत गाणं फाटतं. मी पुण्यात असताना ढोल-ताशा पथकात होते, तिथेही हेच, लांब पथकात मागच्या रांगा ताशा ऐकून वाजवायला गेल्या की ठोका घसरतो, म्हणून पुढे हात वर करून इशारा देणारा असतो आणि नजर त्याच्यावर ठेवायची असते. इथे कंडक्टरचा हात खाली टेकला तो क्षण तुमचा, शेजारी काय वाजतंय ते विसरा, अगदी मागे पडल्यासारखं किंवा पुढे गेल्यासारखं वाटलं तरी.

त्यासाठी घरी काय करायचं, तर शेवटचे दोन आठवडे प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचे चार बार (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला तुकडा), टेम्पो बदलतो तिथले बार आणि पान उलटायच्या आधीचे दोन बार पाठ करा, म्हणजे तेवढ्यात मान वर राहील. पान उलटणं हाही एक वेगळाच विषय आहे, हातमोजे घातलेले असतात (घामाने आणि तेलकट बोटांनी कांस्य काळं पडतं म्हणून) आणि हातमोज्याने पान सुटत नाही. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर छोटी चिकट पट्टी लावा, थोडी बाहेर काढून. तीन रिंगचा काळा बाइंडर, गाणी कार्यक्रमाच्या क्रमाने, आणि पेन्सिली दोन. पेन नको. कंडक्टर पहिल्या रिहर्सललाच सांगणार की बार 43 ला हळू, इथे सगळ्यांनी एलव्ही म्हणजे घंटा न थांबवता घुमू द्यायची, आणि संध्याकाळी तेच परत बदलणार.

बायकांसाठी एक खास गोष्ट. घंटा थांबवायची ती खांद्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागाला टेकवून, त्याला डँप म्हणतात, आणि अर्धी कला तिथेच आहे. देवळातली घंटा आपण वाजवतो आणि सोडून देतो, तिचं घुमत राहणं हीच गंमत, इथे सूर जेवढा लिहिलाय तेवढाच ठेवायचा. तर तिथे मंगळसूत्राच्या वाट्या, लांब चेन, ब्रोच, मोठी बटणं काही नको, घंटेला ओरखडा पडतो आणि टक्क असा आवाज येतो तो वेगळाच. बांगड्याही काढून ठेवा, काचेच्या तर नक्कीच, रेस्टमध्ये त्या किणकिणतात. मी मंगळसूत्र त्या तीन दिवसांत पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवते, सासूबाईंना फोटो बघून वाटलं होतं काहीतरी, मग त्यांना व्हिडिओ कॉलवर घंटा वाजवून दाखवली, पटलं. कपडे मऊ सुती, अंगावर बसणारे, आणि शेवटच्या कार्यक्रमासाठी बहुतेक ठिकाणी काळे.

बूट. सिमेंटच्या किंवा जिमच्या जमिनीवर दिवसात सहा-सात तास उभं राहायचंय, नवीन बूट घालून येऊ नका. कानात घालायचे प्लग्ज न लाजता आणा, शेकडो घंटा एकदम घुमतात तेव्हा, विशेषतः वरच्या सप्तकाच्या पुढे उभं असाल तर, कान थकतात. हातमोजे निदान तीन जोड, कारण घामाने ओले झालेले हातमोजे घालून वाजवायचं म्हणजे पकडही सुटते. जेवणाचं रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवरच शाकाहारी म्हणून लिहा, तरी डबा भरून चिवडा आणि दशम्या असू द्या, रिहर्सल लांबली की कामाला येतात आणि शेजारच्या टेबलाशी ओळख त्यानेच होते. फक्त टेबलाच्या आसपास खाणंपिणं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा खाली जमिनीवर.

घंटा नेणाऱ्या ग्रुपसाठी. टेबलं, फोम, कव्हरं आयोजक देणार की आपण न्यायची हे आधी लेखी विचारून घ्या, आणि देणार असतील तर आपल्याला किती फूट टेबल मिळणार तेही. फोम नसलेल्या टेबलावर घंटा क्षणभरसुद्धा ठेवायची नाही. प्रत्येक केसवर ग्रुपचं नाव, आत घंटांची यादी चिकटवलेली. हँडलचे स्क्रू निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या, आतला लोलक एकाच दिशेने पुढेमागे हलला पाहिजे, सैल झाला की सूर दोनदा वाजतो. पाच सप्तकांचा नवीन संच घ्यायचा तर दहा हजार डॉलरच्या सहज वर जातं आणि बहुतेक ग्रुपनी तो वर्षानुवर्षं पैसे जमवून घेतलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या ग्रुपच्या घंटेला न विचारता हात लावायचा नाही, हातमोजे असले तरी.

क्लासेस निवडताना मोह होतो सगळं करायचा. दिवसाला दोनच घ्या. माझं मत विचाराल तर एक घंटांच्या देखभालीचा, कारण ते ज्ञान घरी जाऊन पूर्ण ग्रुपच्या कामी येतं, आणि एक फोर-इन-हँडचा, म्हणजे एका हातात दोन अशा चार घंटा वाजवायच्या. तो पहिल्या दिवशी जमणार नाही, मला तीन महिने लागले, पण हात कसा धरायचा ते समोर बसून शिकलेलं वेगळंच. आणि रीडिंग सेशन चुकवू नका. तिथे नवीन छापलेली गाणी सरळ पहिल्यांदाच वाचून वाजवतात, कोणीही कुठल्याही पोझिशनवर उभं राहतं. मुद्दाम आपली सोडून दुसरी घ्या. नेहमी मधल्या सप्तकात वाजवणाऱ्या माणसाला बासला उभं राहिल्यावर कळतं की तिथे किती आधी हात उचलावा लागतो. स्टॉलवर माल्मार्क आणि शुलमरिकच्या घंटा (दोन्ही कंपन्या पेन्सिल्व्हेनियाच्याच) शेजारी शेजारी बघायला मिळाल्या तर दोन्ही वाजवून बघा, आवाजाची जात वेगळी आहे, माझा कल कुठे आहे ते सांगत नाही, तुम्ही ऐका.

एक प्रश्न दोघींनीही दबकत विचारला, की हे सगळं चर्चचं असतं का, आपण गेलेलं चालतं का. बरेच ग्रुप चर्चचे असतात, गाण्यांत भजनांची म्हणजे हिम्सची अरेंजमेंट्सही असतात, कधी एखादी प्रार्थनाही होते. मला कोणी कधी धर्म विचारला नाही. प्रार्थना सुरू असेल तेव्हा शांत उभी राहते, जशी कुठल्याही देवळात राहीन तशी.

शेवटच्या कार्यक्रमाचं बोलते. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर बहुतेक एलव्ही असतो, सगळ्यांच्या घंटा हातात उंच, आणि पूर्ण हॉल घुमत असतो. तेव्हा हात खाली आणायची घाई करू नका, घंटा जड वाटल्या तरी धरून ठेवा, आणि नजर फक्त कंडक्टरच्या मुठीवर. ती मूठ बंद झाली की सगळ्यांनी एकदम डँप करायचं. त्या क्षणी शेकडो घंटा एकाच वेळी खांद्याला टेकतात आणि त्यानंतर जी शांतता येते ना, हॉलमधल्या एसीचा आवाजसुद्धा ऐकू येतो, मला दर वेळी डोळ्यांत पाणी येतं.

मग टाळ्या, मग फोटो, मग मिठ्या, आणि इथेच घंटा हरवतात. शेजारच्या ग्रुपची एफ शार्प आपल्या फोमवर, आपली त्यांच्या केसमध्ये, रंग-रूप सारखंच. म्हणून हातमोजे काढायचे नाहीत, आधी प्रत्येकाने आपल्या घंटा कापडाने पुसायच्या, मग एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि ज्याची घंटा त्याने स्वतः केसमध्ये ठेवायची. आमच्या 37. छत्तीस भरल्या तर कोणी पार्किंगकडे निघायचं नाही.