औषधी आमरीत नेमकं कोणतं रसायन आहे ते कसं शोधायचं

बीएस्सी-एमएस्सीच्या किंवा बीएएमएसच्या प्रोजेक्टला कुणी औषधी ऑर्किड म्हणजे आपली आमरी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, यात कंपाउंड कोणतं? मग नेटवर सर्च मारला की अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, सॅपोनिन अशी यादी मिळते आणि तीच रिपोर्टमध्ये जाते. प्लीज असं करू नका, ती यादी जवळपास कुठल्याही पाल्याला लागू पडते. आधी तीन गोष्टी पक्क्या करा, झाड कोणतं, त्याचा भाग कोणता, आणि तो काढल्यावर त्याचं काय केलंय.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. रास्नाच घ्या. आंब्याच्या फांदीला धरून वाढणारी, पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी असलेली व्हँडा टेसेलाटा ही आमरी बंगालकडे रास्ना म्हणून वापरतात, दक्षिणेत रास्ना म्हणजे अल्पिनिया गलंगा म्हणजे हळदीच्या कुळातलं झाड, आणि भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत प्रमाण-ग्रंथात) रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा, जी सूर्यफुलाच्या कुळातली. तीन कुळं झाली, मग रसायनं एक कशी असतील? त्यामुळे 'रास्नात अमुक सापडलं' असं वाचलं की आधी शास्त्रीय नाव बघा. ते नावही बदललेलं असू शकतं. युलोफिया नुडा आता युलोफिया स्पेक्टाबिलिस झालीय, नुडॉल या फिनँथ्रीन गटातल्या रसायनावरचं जुनं काम जुन्या नावानेच सापडतं, म्हणून लंडनच्या क्यू गार्डनच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या वेबसाइटवर सगळी पर्यायी नावं काढून घ्या आणि प्रत्येक नावाने सर्च करा. झाड हातात असेल तर पुण्यात आघारकर संस्थेत किंवा बॉटॅनिकल सर्व्हेत दाखवून ओळख पक्की करून घ्या.

आता रसायनांचे गट. आमरीत खास बघायचे ते फिनँथ्रीन आणि बायबेंझिल (दोन्ही बेंझिनच्या कड्या असलेली संयुगं), हे बऱ्याचदा झाडाची स्वतःची संरक्षणाची रसायनं असतात. ऑर्किस मिलिटॅरिस या आमरीच्या कंदावर बुरशीचा हल्ला झाला की तो ऑर्किनॉल हे असंच रसायन तयार करतो. गंमत म्हणजे आमरीचं बी रुजायलाही बुरशीच लागते, म्हणजे ती हवीही आणि आवरायलाही हवी. म्हणूनच एकाच जातीच्या दोन कंदांत प्रमाण सारखं येईलच असं धरून चालू नका.

एकाच वंशातही फरक केवढा असतो ते डेंड्रोबियममध्ये कळतं. डेंड्रोबियम नोबिले, म्हणजे सिक्कीमचं राज्यफूल, यातून १९३२ मध्ये डेंड्रोबिन हे अल्कलॉइड (नायट्रोजन असलेलं, बहुधा अल्कधर्मी संयुग) वेगळं केलं गेलं आणि चिनी फार्माकोपिया या जातीची प्रत त्याच्या प्रमाणावरच ठरवतं. पण डेंड्रोबियम ऑफिसिनालेची किंमत आहे ती तिच्या पॉलिसॅकराइडमुळे (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या), तिथे डेंड्रोबिन शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. सॉल्व्हंटही त्याप्रमाणे निवडायचा. अल्कलॉइडसाठी चूर्ण अमोनियाने भिजवून मग क्लोरोफॉर्म, पॉलिसॅकराइडसाठी गरम पाणी, ते गाळून आटवायचं आणि त्यात अल्कोहोल सोडायचं, सोडताच पांढरट धागे-गुठळ्या तरंगायला लागतात, तेच तुमचं पॉलिसॅकराइड (थोडं प्रोटीनही असतं सोबत). सालमपंजा या आमरीच्या कंदाची पूड पाण्यात घातल्यावर घट्ट बुळबुळीत होते तीही अशाच एका पॉलिसॅकराइडमुळे, ग्लुकोमॅनन.

प्रक्रियेचा मुद्दा तर लोक साफ विसरतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चीनमधली गॅस्ट्रोडिया एलाटा, म्हणजे त्यांची तियानमा, हिच्या कंदात गॅस्ट्रोडिन हे ग्लुकोसाइड (ग्लुकोज साखर जोडलेलं संयुग) असतं आणि कंद काढल्यावर आधी वाफवतात, कारण वाफेने एन्झाइम मरतं, नाहीतर ते गॅस्ट्रोडिनमधली साखर तोडून टाकतं. व्हॅनिलात याच्या बरोब्बर उलट! हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच, त्यात असतं ग्लुकोव्हॅनिलिन, शेंग गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मग उबेत घाम काढत ठेवली की एन्झाइम साखर तोडतं आणि व्हॅनिलिन मोकळं होतं. म्हणजे एकीकडे एन्झाइम थांबवायचं, दुसरीकडे त्याला काम करू द्यायचं. पेपर वाचताना नमुना ताजा होता, वाळवलेला होता की वाफवलेला, हे मेथड्समध्ये नक्की शोधा, नाहीतर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि एक, 'कॅन्सरवर गुणकारी' वगैरे वाक्य दिसलं की प्रयोग कशावर झाला ते बघा, बऱ्याचदा तो डिशमधल्या पेशींवर असतो, माणसावर नाही. त्यावरून कुणाला कंदाचा काढा घ्यायला सांगू नका.

नमुन्यासाठी जंगलातून कंद उपटू नका, कंद गेला की झाडच गेलं. बहुतेक सगळ्या आमरी सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत, काही तर १ मध्ये. पहिल्यांदाच करताय तर बाजारातली व्हॅनिलाची शेंग घ्या, बारीक चिरून अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा, सिलिका जेलच्या टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर रसायनं वेगळी करायची पट्टी) अर्काचा ठिपका आणि शेजारी शुद्ध व्हॅनिलिनचा ठिपका द्या, हेक्सेन आणि इथाइल ॲसिटेटमध्ये चालवा आणि २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली बघा, दोन्हीकडे एकाच उंचीवर गडद ठिपका दिसला पाहिजे. बाजारातला इसेन्सही त्याच प्लेटवर लावा आणि सोबत इथाइल व्हॅनिलिनचा ठिपका द्या, इसेन्समध्ये तो जुळला तर तो कृत्रिम घातलेला आहे, कारण शेंगेत इथाइल व्हॅनिलिन नसतं.