मासे औषधाने मेले की पाण्याने? ९६ तासांची टेस्ट लावताना या चुका टाळा

या टेस्टमधे टाक्यांत औषधाचे, म्हणजे कीटकनाशकासारख्या रसायनाचे, वेगवेगळे डोस टाकतात आणि ९६ तासांत किती मासे मरतात ते मोजतात. सकाळी लॅब उघडली आणि कंट्रोलच्या टाकीत, म्हणजे ज्यात औषधाचा थेंबही नाही त्या टाकीत, दहापैकी चार मासे उलटे तरंगताना दिसले तर बाकीच्या टाक्यांचे आकडे वहीत उतरवायची गरजच उरत नाही. टेस्ट तिथेच संपली. तरी दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे मी हेच बघतो की पोरं ते चार मासे गुपचूप काढतात, चार नवीन टाकतात आणि पुढे चालू ठेवतात, मग शेवटी एलसी ५० काढतात, म्हणजे जेवढ्या डोसला निम्मे मासे मरतात तो आकडा, आणि तो छान टाईप करून बाईंडिंग करून जमा करतात. तो आकडा औषधाचा नसतोच. तो त्या खोलीचा, त्या बोअरच्या पाण्याचा आणि त्या दमलेल्या माशांचा असतो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ नंबरची ही जगभर वापरली जाणारी पद्धत, १९८१ ची, १९९२ आणि २०१९ मधे सुधारलेली. तिचा नियम सरळ आहे. ९६ तासांत कंट्रोलमधे १० टक्क्यांच्या वर मर नको, आणि दहापेक्षा कमी मासे घेतले असतील तर एकापेक्षा जास्त मासा मरता कामा नये. त्याच्यावर गेलं की टेस्ट रद्द, मग गाईड कितीही घाई करू देत. काही जण म्हणतात की ॲबट फॉर्म्युला लावून कंट्रोलची मर वजा करू, पण तो फॉर्म्युला १९२५ साली कीटकनाशकांच्या प्रयोगांसाठी आलेला, थोडीफार नैसर्गिक मर हिशोबातून काढायला. चाळीस टक्के मर झाकायला तो वापरला तर ती शुद्ध फसवणूक आहे, आणि बाहेरचा परीक्षक पहिल्याच पानावर पकडतो.

पाणी: आपल्या भागात सगळ्यात जास्त टेस्ट इथेच फसतात

जळगाव, यावल, चोपडा, धुळे, कुठलंही बोअर घ्या, पातेल्याला पांढरा थर धरतो हे घरोघरी माहीत आहे, पण तेच पाणी टाकीत ओतताना कोणी हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजत नाही. १९९२ च्या पद्धतीत हार्डनेस १० ते २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ६ ते ८.५ सांगितलाय, आपल्याकडची कितीतरी बोअर यात बसतच नाहीत. आता कोणी म्हणेल मासे तर मस्त जगतात त्या पाण्यात, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं की औषधाचा परिणाम बदलतो. मोरचूद घ्या, म्हणजे कॉपर सल्फेट, केळी-द्राक्षवाल्यांना माहितीये, बोर्डो मिश्रणात असतो तो. जड पाण्यातलं कॅल्शियम माशाच्या कल्ल्यांवर तांब्याची जागा अडवतं आणि पाण्यातले कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवतात, त्यामुळे तेवढाच मोरचूद जड पाण्यात कमी मारतो आणि कोकणातल्या हलक्या पाण्यात जास्त. चोपड्याचा आकडा आणि रत्नागिरीचा आकडा दोन्ही खरे असू शकतात, पण हार्डनेस लिहिलाच नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

अमोनियाचं तर याहून वाईट. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतोच, आणि त्यातला जो भाग विषारी असतो तो पीएच आणि तापमानासोबत वाढतो. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या १ टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला साधारण ५ टक्के होतो, पीएच ९ ला एक तृतीयांशाच्या वर जातो. आपलं पाणी अल्कलाईन, खोली गरम, टाकीत मासे दाटीने, मग तिसऱ्या दिवशी मासे मरतात ते औषधाने का अमोनियाने हे सांगायचं कसं? म्हणून पीएच, तापमान आणि ऑक्सिजन रोज मोजा, प्रत्येक टाकीचं, नुसतं कंट्रोलचं नाही.

नळाचं पाणी वापरायचं तर क्लोरीन. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की भरून ठेवायची सवय आहे, ती इथे कामाला येते, उघड्या टबात दोन दिवस एअर पंप लावून ठेवा, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट. ग्रामपंचायतीतला पाणीवाला जी ओटी टेस्ट करतो, क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं ती, करून बघा, पण नुसतं पिवळं दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण त्या टेस्टला न दिसणारं थोडं क्लोरीनही बारीक माशांच्या कल्ल्यांना झोंबतं. चार-पाच मासे त्या पाण्यात दोन दिवस आधी सोडून बघा, मगच पूर्ण बॅच.

मे महिन्यात टेस्ट लावू नका

हे मी हात जोडून सांगतो. भुसावळ-जळगावला बाहेर पारा ४४-४५ वर असतो, एसी नसलेल्या लॅबमधे पाणी ३४-३५ ला सहज जातं, आणि झेब्रा फिशला हवं २१ ते २५ डिग्री, सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, २० ते २४. गरम पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, ३५ ला ७ च्याही खाली. नियम आहे की हवेतून जेवढा मावू शकतो त्याच्या ६० टक्के तरी ऑक्सिजन ९६ तास राहिलाच पाहिजे, म्हणजे २५ डिग्रीला ५ मिलिग्रॅम. त्यात उष्णतेने माशाची भूक-श्वास सगळं वाढलेलं, तो जास्त पाणी कल्ल्यांतून ओढतो म्हणजे औषधही जास्त ओढतो.

बरं, हिवाळ्यात लावू म्हणावं तर धुळ्याची रात्रीची थंडी तुम्हाला माहिती आहे, दुपारी २८ आणि पहाटे १४ असं पाणी हललं तर तेही चालत नाही, पूर्ण टेस्टभर चढउतार २ डिग्रीच्या आतच हवा. हीटर-थर्मोस्टॅट लावा, खोली बंद ठेवा, आणि थर्मामीटर पहाटे पाचला पण बघा. तापमान उतरवायला टाकीत बर्फाची बाटली टाकणारे मी पाहिलेत, एका कोपऱ्यात १८ आणि दुसऱ्यात २७, मासे सगळे मधे गोळा झालेले. लाईटचा भरवसा नाही म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. आणि जोरात हवा सोडू नका, उडून जाणारं केमिकल असेल तर ते बुडबुड्यांसोबत निघून जातं आणि तुम्हाला वाटतं औषध सौम्य आहे.

मासे आणले की लगेच सोडू नका

मत्स्यबीज केंद्रातून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत बोटुकली आणायची, मोटरसायकलवर दीड तास, आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट, हे दर वर्षी होतं. मला पहिल्यांदा मासे देणारा भोई दादा पिशवी हातात ठेवून म्हणाला होता, "धीर धरा भाऊ, पानी नवं शे." तेच आमच्या शास्त्रातही लिहिलंय. पिशवी आधी तशीच टाकीवर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पाणी मिसळा, मग निदान ७ दिवस ज्या पाण्यात टेस्ट करायची त्याच पाण्यात ठेवा. त्या ७ दिवसांत १० टक्क्यांच्या वर मेले तर ती सगळी बॅच सोडून द्या, ५ ते १० टक्के मेले तर अजून ७ दिवस थांबा, ५ च्या आत असेल तर पुढे जा. कंट्रोलमधली निम्मी मर नुसत्या या एका गोष्टीने थांबते असा माझा अनुभव आहे.

टेस्टच्या २४ तास आधी खाणं बंद, टेस्ट चालू असताना पण नाही. पोरींना दया येते आणि त्या चिमूटभर खाद्य टाकतात, पण ते खाद्य कुजतं, औषध त्याला चिकटतं, आणि चार दिवस उपाशी राहणं निरोगी माशाला जड जात नाही.

दाटीचा हिशोब करा. १९९२ च्या पद्धतीत लिटरमागे १ ग्रॅमच्या आत मासा सांगितलाय. रोहूचं ५ ग्रॅमचं पिल्लू असेल तर दहा पिल्लं म्हणजे ५० ग्रॅम म्हणजे ५० लिटर पाणी, आणि आपण ठेवतो १० लिटरच्या बादलीत. एवढ्या काचेच्या टाक्या नसतील तर मोठे मासे घेऊच नका, २-३ सेंटीमीटरचे झेब्रा किंवा गप्पी घ्या.

अजून एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते पण फार घोळ करते. जाळी टाकली की आधी सुस्त मासा सापडतो, चपळ मासा शेवटी. पहिले दहा कंट्रोलला, पुढचे दहा पहिल्या डोसला असं ओळीने टाकत गेलात तर सगळ्यात कमजोर मासे एका टाकीत आणि सगळ्यात तगडे सगळ्यात जास्त डोसमधे. चिठ्ठ्या टाका, एक-एक मासा वेगवेगळ्या टाकीत वाटत जा.

डोसची गणितं

इथे चूक झाली की ती चौपट-दहापट होते. मोरचूदचंच घ्या, १०० ग्रॅम मोरचूदात तांबं फक्त २५ ग्रॅमच्या आसपास, बाकी सल्फेट आणि पाणी. एकाने एलसी ५० मोरचूदमधे लिहिला आणि दुसऱ्याने तांब्यामधे, तर चौपटीचा फरक दिसतो आणि मग चर्चेत लिहितात की आपल्या जातीचे मासे जास्त सहनशील आहेत. कपाशीवरच्या औषधांचं पण तसंच, सायपरमेथ्रीन २५ ईसी म्हणजे शंभरातला पाव भाग खरं औषध, उरलेलं सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर, आणि ते पण माशाला त्रास देतात. दुकानातली बाटली वापरली तर तसं स्पष्ट लिहा. शुद्ध औषध स्वतः सॉल्व्हंटमधे विरघळवलं असेल तर साध्या कंट्रोलसोबत फक्त सॉल्व्हंटची एक टाकी वेगळी लावा.

आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना मायक्रोग्रॅममधे मारतात, तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं की सगळंच गेलं. ती प्लास्टिकला चिकटतात पण, म्हणून बादली नको, काच घ्या, आणि काचेवर पण थोडं बसतंच. तुम्ही टाकलेला डोस आणि पाण्यात खरंच असलेला डोस वेगळा असतो, ८० टक्क्यांच्या खाली उतरत असेल तर मोजलेला आकडा धरायचा. मोजायची सोय कॉलेजमधे नसते हे मान्य, मग निदान रोज पाणी आणि औषध बदला आणि आकडा टाकलेल्या डोसवर काढलाय हे लिहा.

सरळ पाच टाक्या लावू नका. आधी थोडे मासे घेऊन दहापटीने चाचपणी करा, ०.१, १, १०, १००. समजा १ ला कोणी मेलं नाही आणि १० ला सगळे मेले, तर १ पासून दुपटीने वर जा, १, २, ४, ८, १६. दोन डोसमधलं अंतर २.२ पटीच्या वर नको, किमान पाच डोस, प्रत्येकी किमान ७ मासे. चाचपणी टाळली की होतं काय, चार टाक्यांत शून्य आणि पाचवीत सगळे, प्रोबिटची, म्हणजे डोसच्या लॉगसमोर मर मांडून एलसी ५० काढायची, रेषा काढायला मधले बिंदूच नाहीत. अशा वेळी जबरदस्तीने रेषा ओढू नका. शून्य मरचा सगळ्यात वरचा डोस आणि १०० टक्के मरचा सगळ्यात खालचा डोस यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, ४ आणि ८ असेल तर ५.७ च्या आसपास, आणि हा अंदाज आहे असं लिहा. प्रोबिट केलंच तर प्रोबिट ५ समोरचा आकडा लॉगमधे असतो, अँटीलॉग घ्यायला विसरलेले रिपोर्ट मी स्वतः परत पाठवलेत.

एलसी ५० सोबत तास लिहा, २४ तासांचा आणि ९६ तासांचा आकडा सारखा नसतो. आणि त्याच्या दहाव्या भागाला "सुरक्षित पातळी" म्हणून मोकळं होऊ नका, चार दिवसांच्या टेस्टवरून महिनाभर त्या पाण्यात राहणाऱ्या माशाच्या अंड्यांचं काय होईल हे कळत नाही.

मेला कधी म्हणायचं

कल्ले हलत नाहीत आणि शेपटीच्या बुडाशी काचेच्या कांडीने हळूच स्पर्श केला तरी हालचाल नाही, तेव्हा मेला. तळाशी पडलाय म्हणून मेला नाही. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बघा, मग रोज दोनदा, मेलेला लगेच काढा, नाहीतर तो सडून बाकीच्यांचा ऑक्सिजन खातो. नुसते आकडे लिहू नका, पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेतात का, गोल फिरतात का, रंग काळवंडला का, अंगावर चिकट स्राव आला का हे पण लिहा, यातूनच औषध कल्ल्यांवर काम करतंय का मज्जासंस्थेवर याचा अंदाज येतो.

आणि परवानगी. मासा पाठीचा कणा असलेला प्राणी आहे, त्यामुळे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी, मासे नंतर. तुमच्या प्रश्नाला पूर्ण मासा लागतो का तेही विचारा, झेब्रा फिशच्या अंड्यांवरची ओईसीडी २३६ ही ९६ तासांचीच पद्धत २०१३ पासून आहे. औषध सौम्य वाटत असेल तर १०० मिलिग्रॅम प्रति लिटरची एकच टाकी आणि कंट्रोल लावून बघा, कोणीच मेलं नाही तर उरलेल्या टाक्यांतले मासे तुम्ही विनाकारण मारले नाहीत.

टेस्ट संपली की पाणी बेसिनमधे ओतू नका, आपले नाले शेवटी गिरणा, पांझरा नाहीतर तापी नदीलाच लागतात आणि खाली कोणीतरी जाळं टाकून बसलेलं असतं. ॲक्टिवेटेड चारकोलमधून काढा, किंवा झाकणाच्या ड्रममधे नाव-तारीख लिहून घातक कचरा नेणाऱ्या माणसासाठी ठेवा. टाक्या साबण, मग ॲसिटोन, मग भरपूर पाणी, आणि कुठल्या टाकीत कुठला डोस होता हे काचेवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सगळ्यात जास्त डोसची टाकी चुकून कंट्रोल होणार नाही. जाळी पण वेगळी. आमच्याकडे कंट्रोलच्या जाळीच्या दांड्याला हिरवी पट्टी आहे, ती दुसऱ्या कुठल्याच टाकीत जात नाही.