पुण्यात नवीन आलात? रविवारी खोलीवर बसू नका

मी नांदेडचा. २००९ साली नोकरीसाठी पुण्यात आलो. आमच्याकडे घाट म्हणजे गोदावरीच्या पायऱ्या. त्यामुळे ऑफिसात कुणी "रविवारी घाटात जाऊ" म्हणालं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नदीच आली. पहिले सहा महिने रविवार असाच जायचा. कपडे धुवायचे, दुपारी झोपायचं, आईला फोन करायचा. संध्याकाळी मेस बंद, म्हणून वडापाव. लातूर, परभणी, यवतमाळ, जळगावहून आलेल्या कितीतरी मुलामुलींचे रविवार आजही असेच जातात, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. या शहरात मला जी माणसं मिळाली, ती सगळी डोंगर चालताना मिळाली.

लगेच कुठल्या ग्रुपला पैसे भरू नका. आधी आपले पाय काय म्हणतात ते बघा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा, मग तळजाई, मग वेताळ टेकडी. सकाळी सहाला टेकडीवर रोज येणारे आजी-आजोबा तुम्हाला सहज मागे टाकतील. दोन-तीन आठवड्यांनी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन त्याच वाटेने चालत उतरलात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, की तुम्ही ग्रुपबरोबर जायला तयार.

ग्रुप निवडताना फोटो बघू नका. फोन करून एकच विचारा: सगळ्यात मागे कोण चालतं?

हे मी अनुभवाने सांगतोय. माझा पहिला मोठा ट्रेक राजगडचा. पन्नासएक माणसं आणि दोन लीडर, तेही दोघे पुढे. गुंजवण्याच्या बाजूला उतरताना घसाऱ्यावर पाय सटकला आणि घोटा मुरगळला. हाका मारल्या, पण पुढची मंडळी केव्हाच वळणापलीकडे गेली होती. अंधार पडला. बसमध्ये बसून डोकी मोजली तेव्हा कुठे एक कमी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तोवर गुरं घेऊन परतणाऱ्या एका पोराने मला हात धरून निम्मं खाली आणलं होतं.

डोंगराचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका ताईने तिच्या ग्रुपबरोबर लोहगडला नेलं. तिथे सगळ्यात मागे साठीचे एक काका होते. काकांच्या मागे कुणी राहायचं नाही, असा तिथला नियम. उतारावर मी थबकलो. त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाले, "पाऊल आडवं टाक. टाच रुतू दे, मग भार दे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" पकडायची होती, मळवलीहून लोकल. ती गेली, तर अख्खा ग्रुप पुढच्या लोकलसाठी फलाटावर बसला. मी संकोचतच डबा उघडला. धपाटे आणि लसणाची चटणी. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला. माझं "काय करूलालाव" ऐकून ऑफिसात हसायचे, म्हणून मी बोलणं कमी केलं होतं. इथे काकांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि स्वतः शिकून घेतलं.

तुमची सुरुवातही लोहगडाने होऊ दे. लोणावळा लोकलने मळवली, तिथून भाजे गावातून गायमुख खिंड, मग एकामागोमाग चार दरवाजे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे दरवाजात उभं राहायला जागा नसते. २०२५ साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, आता गर्दी कमी व्हायची नाही.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट पुरतात. तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, इलेक्ट्रल. परफ्यूम मात्र लावू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने ती उठतात. ग्रुपने भेटायला नळ स्टॉपला सकाळी साडेपाच सांगितलं, तर साडेपाचलाच पोचा.

हिवाळ्यात बरेच ग्रुप ताम्हिणी घाट उतरून समुद्राकाठी चालायला नेतात. डोंगरात आपली चूक आपल्याला सावरता येते, समुद्र वाट बघत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा किंवा अलिबागचा कुलाबा हा समुद्रातला किल्ला, दोन्ही ओहोटीतच करायचं. वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब काकांनी शिकवला: तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, अडीचला, ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण ती भांगाची, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी लांब जातं खरं, पण सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी तिथे समुद्र भरलेला. हा अंदाज झाला. निघण्याआधी भरतीचा तक्ता बघायचाच आणि गावात कुणाला तरी विचारायचंच.

कुलाब्याला पाणी अजून उतरत असतानाच आत जा आणि ते फिरायच्या आधी बाहेर या. गुडघाभर पाण्यातून जाताना बूट भिजतील म्हणून काढावेसे वाटतील. काढू नका, खडकावरची कालवं तळपाय चिरतात.