दूधसागरला एका दिवसात जाताय? या चुका टाळा

दूधसागरचे बहुतेक बेत तारखेपाशीच फसतात. रीलमध्ये दिसणारा, रेल्वेपुलाला भिजवणारा धबधबा जुलै-ऑगस्टमधला. त्या दिवसांत वाटेतले ओढे फुगतात आणि गोव्यातल्या कुळे गावाहून पायथ्याशी नेणाऱ्या जीप बंद असतात. त्या साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. पायथ्याशी जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. तेव्हाही पाणी भरपूर असतं. मे महिन्यात गेलात तर निराश व्हाल.

‘जीप नाही ना, मग रुळांवरून चालू’ ही सगळ्यांत वाईट कल्पना. कॅसलरॉक ते कुळे हा वळणांचा आणि बोगद्यांचा घाट आहे. पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येईलच असं नाही. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये असे आलेल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. भर पावसातलाच दूधसागर हवा असेल तर घाटातून दिवसा जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढा आणि खिडकीतून बघा. दारात लटकू नका.

पायथ्याशी ऊन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पाणी वरून, घाटमाथ्यावरून येतं. तिथे सर कोसळली की खाली थोड्याच वेळात लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला की सेल्फी अर्धवट टाकून काठावर या. लाइफ जॅकेट गळ्यात नुसतं अडकवू नका, पट्टे आवळा.

जीन्स आणि गुळगुळीत तळाच्या चपला घरीच ठेवा. जीपमधून उतरल्यावरची चाल थोडीच, पण ती ओल्या, शेवाळलेल्या कातळांवरून आहे. खाचा असलेला रबरी तळ हवा.

ओल असेपर्यंत धबधब्याजवळच्या मोले परिसरातल्या पायवाटांवर जळवा भेटणारच. चिकटलेली जळू ओढून काढू नका. कातडीलगत नख सरकवून तिचं तोंड सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिची लाळ ते गोठू देत नाही. धुऊन दाबून धरा, घाबरू नका.

रविवार टाळा, जीपच्या रांगेतच दुपार होते. खाऊची पिशवी हातात मिरवू नका. माकडं टपूनच असतात.