कांद्याच्या मुळांवर ॲसिटोकार्मिन : प्रात्यक्षिकापूर्वीची तयारी

कांद्याच्या मुळाच्या टोकातील सूत्री विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे असेल, तर पेशींना ॲसिटोकार्मिन हा रंग देण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते, पण त्यामागची तयारी जवळजवळ आठवडाभर आधी सुरू करावी लागते. नागपुरात ती ऋतू पाहून करावी लागते, कारण इथे थंडीत कपाटातली ॲसिटिक आम्लाची बाटली गोठते आणि उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत काचपट्टीवरचा थेंब बघता बघता वाळतो. पुढची तयारी प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारी आहे असे धरून लिहिली आहे.

कांदे शनिवारी लावावेत. त्यासाठी कळमन्याच्या घाऊक बाजारात जाण्याची गरज नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचे मध्यम आकाराचे, घट्ट आणि कोरडे कांदे पुरतात. बुडाशी मऊ पडलेले कांदे मात्र घेऊ नयेत. वाळकी मुळे ब्लेडने हलकेच खरवडून काढावीत, परंतु ज्या चकतीतून नवी मुळे फुटतात तिला इजा होऊ देऊ नये. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा बसवावा, की त्याचे बूड पाण्याला जेमतेम टेकेल. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बरेचसे निघून जाते. हिवाळ्यात मुळे रेंगाळतात, तेव्हा कांदे एक-दोन दिवस आधीच लावावेत. एप्रिल-मे महिन्यांत उलट अडचण येते : पाणी कोमट होते, बूड बुळबुळीत होऊन वास मारू लागते, म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि बाटल्या खिडकीपासून दूर, सावलीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. काही कांद्यांना मुळे फुटतच नाहीत, हे गृहीत धरून वीस विद्यार्थ्यांमागे चार-पाच कांदे लावलेले बरे.

मंगळवारी स्थिरीकरणाच्या, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत थांबवण्याच्या, द्रावणाचे साहित्य तपासावे. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल असे हे मिश्रण असते. प्रयोगशाळेत त्याला सरसकट कार्नॉय म्हणतात. अल्कोहोल परवान्यावर मिळते, ऐनवेळी दुकानातून आणता येत नाही, त्यामुळे बाटलीत किती उरले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल सुमारे १६.६ अंश सेल्सियसला गोठते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा त्याहून बराच खाली जातो आणि सकाळी बाटलीत पांढरे स्फटिक जमलेले दिसतात. ते पाहून आम्ल खराब झाले असे समजून बाटली टाकून देऊ नये. झाकण थोडे सैल करून ती कोमट पाण्यात उभी ठेवावी आणि सर्व स्फटिक विरघळल्यावरच आम्ल मोजून घ्यावे. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून घेतलेल्या आम्लाचे प्रमाण भरवशाचे नसते. बाटली स्पिरिट लॅम्पवर किंवा हॉटप्लेटवर ठेवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण या आम्लाची वाफ पेट घेते.

मिश्रण बुधवारी सकाळी ताजेच करावे, कारण ठेवून दिले की अल्कोहोल आणि आम्ल यांची हळूहळू आपापसांत अभिक्रिया होऊन एस्टर तयार होते व द्रावणाचा गुण कमी होतो. मुळे एक ते दोन सेंटिमीटर लांब झालेली असावीत. ती सकाळी आठ ते दहाच्या सुमारास कापावीत, कारण त्या वेळी विभाजन होत असलेल्या पेशी अधिक सापडतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. दुपारच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर मुळे कापण्याचा मोह आवरावा. टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग कापून लगेच द्रावणात टाकावा. पेशी ज्या अवस्थेत असतात त्याच अवस्थेत तिथे थांबतात. चोवीस तासांनी मुळे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काढावीत. फ्रिजमध्ये ती बरेच दिवस टिकतात, त्यामुळे थोडी जास्तच स्थिर करून ठेवली तर पुढच्या खेपेला नवी रंगाची बाटली आल्यावर तिची चाचणी घेण्यास उपयोगी पडतात.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. कांद्याच्या पापुद्र्यासाठी सॅफ्रानिन उत्तम असते, पण ते पेशीभित्तिकेलाही लाल करते. जिथे गुणसूत्रे एकेकटी उठून दिसायला हवीत, तिथे ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिनच घ्यावे. एक ग्रॅम कार्मिन पंचेचाळीस टक्के ॲसिटिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात मंद आचेवर उकळावे, थंड करून गाळावे आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे. हे काम धूर-कपाटात किंवा निदान उघड्या खिडकीपाशी व्हावे, कारण वाफ नाकाडोळ्यांना झोंबते. कार्मिन हे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यांपासून मिळते. त्यात लोहाचा किंचित अंश मिसळला की गुणसूत्रांवरचा रंग गडद होतो, म्हणून मुरलेले प्रयोगशाळा परिचर वॉच ग्लासमधल्या (काचेच्या उथळ वाटीतल्या) रंगात लोखंडी सुई मुद्दाम फिरवतात. तांबूस रंग काळपट जांभळ्याकडे झुकू लागताच सुई बाहेर काढावी. ती तशीच राहिली तर रंगात गाळ बसतो आणि तेच कण पुढे पेशींवर काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. विकतची तयार बाटलीसुद्धा प्रात्यक्षिकाच्या सकाळी पुन्हा एकदा गाळून घ्यावी. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर फ्लेमिंग यांनी पेशीविभाजनाचे आपले सविस्तर वर्णन १८८२ मध्ये प्रसिद्ध केले, तेही रंग शोषून घेणाऱ्या केंद्रकातील द्रव्याचा माग घेतच. हे विद्यार्थ्यांना सांगितले, तर रंगाची निवड इतक्या काटेकोरपणे का करायची हे त्यांना वेगळे समजावावे लागत नाही.

रंग देण्याआधी स्थिर केलेली मुळे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावी लागतात, आणि माझ्या मते निम्मी प्रात्यक्षिके इथेच फसतात. ‘रंग चढला नाही’ म्हणून दोष रंगाला दिला जातो, पण बहुधा मुळे आम्लात कमी किंवा जास्त वेळ राहिलेली असतात. एक नॉर्मल द्रावणासाठी सुमारे ८.५ मिलिलिटर तीव्र आम्ल पाण्यात सोडून एकूण १०० मिलिलिटर करावे; पाणी आम्लात ओतू नये. वॉटर बाथ ६० अंशांवर स्थिर झाला आहे हे तापमापकाने तपासून मगच मुळे आत ठेवावीत आणि पाच ते दहा मिनिटांत बाहेर काढावीत. या वेळात पेशींना एकमेकींशी चिकटवणारा पेक्टिनचा थर सैल होतो. वेळ कमी पडल्यास पेशींचा गठ्ठा सुटत नाही, जास्त झाल्यास मुळाचा लगदा होतो आणि रंगही फिका पडतो. मुळे पाण्याने धुऊन काळ्या कागदावर ठेवलेल्या वॉच ग्लासमध्ये पाहिली, तर टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा भाग उरलेल्या मुळापेक्षा पांढरट आणि अपारदर्शक दिसतो. विभाजन तेवढ्याच भागात असते. तेवढाच भाग ठेवून बाकीचा ब्लेडने वेगळा करावा.

मेजावर प्रत्येकासाठी काचपट्ट्या, कव्हरस्लिपा, दोन सुया, चिमटा, ब्लेड, ड्रॉपर आणि ब्लॉटिंग पेपर मांडून ठेवावेत, तर स्पिरिट लॅम्प दोघांत एक पुरतो. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट मेजावर येत असेल तर लॅम्पची ज्योत हलते आणि रंग वाळून काठावर स्फटिक धरतात. गरम करण्याचे काम चालू असेपर्यंत कूलर बंद ठेवावा, विद्यार्थी कुरकुरले तरी. रंगात ठेवलेली टोके झाकणाच्या पेट्री डिशमध्ये, ओल्या गाळणकागदाच्या शेजारी ठेवावीत आणि कव्हरस्लिपच्या कडेने सोडण्यासाठी पंचेचाळीस टक्के ॲसिटिक आम्लाचा ड्रॉपर हाताशी असावा. काचपट्टी ज्योतीवरून फिरवताना ती हाताच्या पाठीला सोसवेल इतपतच तापवावी, रंग उकळू देऊ नये. त्यानंतर ब्लॉटिंग पेपरच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. कव्हरस्लिप बाजूला सरकली, तर पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

मुळांनी दगा दिलाच, तर गालाच्या आतील पेशी आणि मिथिलिन ब्ल्यू ही पर्यायी सोय असावी. प्रत्येकाने फक्त स्वतःच्याच पेशी घ्याव्यात आणि वापरलेल्या काड्या सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात टाकाव्यात.

सूक्ष्मदर्शकांची भिंगे आदल्या दिवशी लेन्स पेपरने पुसावीत; पावसाळ्यानंतर भिंगांवर बुरशीचे जाळे दिसले, तर ती स्वतः खरवडू नयेत. विद्यार्थ्यांनी आधी दहापट आणि मग चाळीसपट भिंग वापरावे. बहुतेक पेशी विभाजन सुरू न झालेल्याच असतात, म्हणून एका सूक्ष्मदर्शकावर मध्यावस्थेतील, म्हणजे गुणसूत्रे मध्यावर ओळीने आलेली, पेशी आधीच शोधून ठेवावी. कांद्याची सोळाच्या सोळा गुणसूत्रे सुटी मोजता येतील अशी पेशी क्वचितच मिळते. तशी मिळालीच, तर त्या कव्हरस्लिपच्या कडा लगेच नेलपॉलिशने बंद कराव्यात.