चेंडू सुटण्याआधीच ठरवा : बेसबॉलमध्ये डोक्याने बॅटिंग कशी करावी

पिचर (चेंडू टाकणारा) ज्या रबरी पट्टीवर पाय ठेवून टाकतो, तिथपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटचं अंतर ६० फूट ६ इंच. ताशी ९५ मैलांनी, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यातला बराच वेळ नुसती बॅट फिरवण्यात जातो. चेंडू ओळखून तो मारायचा की सोडायचा हे ठरवायला उरतो पाव सेकंद. एवढ्या वेळात नवा विचार सुचत नाही, आधी करून ठेवलेला तेवढा कामाला येतो. त्यामुळे डोक्याचं काम बॅटरच्या बॉक्समध्ये (प्लेटशेजारच्या आखलेल्या जागेत) पाय ठेवण्याआधीच उरकावं लागतं.

पाळी येण्याआधी

डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, गप्पा मारत बसू नका, पिचरकडे बघा. त्याच्या हातातून चेंडू नेमका कुठे सुटतो? पहिला चेंडू बहुतेकांना कोणता टाकतो? अडचणीत आला की कशाचा आधार घेतो? आज त्याचा कर्व्हबॉल (वळत खाली जाणारा चेंडू) स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या साधारण गुडघे ते छाती एवढ्या पट्ट्यात, पडतच नसेल, तर दोन स्ट्राइक होईपर्यंत तो डोक्यातून काढून टाका. (झोनमधला सोडलेला किंवा मारताना चुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक; तिसऱ्याला बॅटर बाद.) ऑन-डेक सर्कलमध्ये (पुढच्या बॅटरने थांबायच्या जागेत) आलात की नुसती बॅट गरागरा फिरवण्यापेक्षा त्याच्या प्रत्येक चेंडूबरोबर पाऊल टाकून टायमिंग जुळवा.

एक जागा, एक चेंडू

१९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (हजार संधींत ४०६ हिट या प्रमाणात) राखणाऱ्या बोस्टनच्या टेड विल्यम्सने स्ट्राइक झोनचे ७७ चेंडूंएवढे कप्पे पाडले होते: आडवे सात, उभे अकरा. मधल्या कप्प्यांतले चेंडू मारले तर आपली सरासरी .४०० राहील आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यातले मारले तर .२३० वर येईल, असा त्याचा हिशोब. दोन्हीकडचे चेंडू पंचांच्या लेखी स्ट्राइकच. तुमच्या लेखी ते सारखे नसावेत.

म्हणून दोन स्ट्राइक होईपर्यंत झोनचा एकच भाग निवडा आणि वाट फास्टबॉलची पाहा. चेंडू हळू आला तर स्वतःला क्षणभर रोखता येतं. हळू चेंडूची वाट पाहताना फास्टबॉल आला, तर वेळ गेलेली असते. क्रिकेटमधून आलेल्यांना झोनमधला चेंडू सोडणं जिवावर येतं. पण इथे मागे यष्ट्या नाहीत. पहिला स्ट्राइक सोडून दिला तर एक स्ट्राइक जातो, विकेट नाही.

काउंट वाचा

काउंट म्हणजे चालू पाळीतल्या बॉल (झोनबाहेरचे सोडलेले चेंडू) आणि स्ट्राइकची मोजणी: आधी बॉल, मग स्ट्राइक. २-० किंवा ३-१ असताना पिचरला वॉक (चार बॉल झाल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) देण्याची धास्ती असते, म्हणून तो झोनमध्ये येतो. अशा वेळी झोनचा निवडलेला भाग अजून अरुंद करा आणि मनासारखा चेंडू आला तर पूर्ण ताकदीने मारा. बरेच नवखे नेमके इथे कुठलाही चेंडू मारायला जातात आणि हातातली संधी घालवतात.

०-२ किंवा १-२ झालं की उलटं. पिचर झोनच्या जरा बाहेर आमिष टाकणार. बॅटवरची पकड थोडी वर सरकवा, स्विंग आखूड करा, काठावरचा चेंडू फाउलला (मैदानाच्या रेषांबाहेर) घालवा. दोन स्ट्राइकनंतर झेलला न गेलेल्या फाउलवर बाद होत नाही (बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू, सोडून), त्यामुळे प्रत्येक फाउल म्हणजे आणखी एक चेंडू बघायला मिळणं. सॅन दिएगोचा टोनी ग्विन वीस हंगामांत फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआउट झाला. आज एकाच हंगामात दोनशेच्या वर जाणारे सापडतात.

आता १५ ऑक्टोबर १९८८ ची लॉस एंजेलिसमधली रात्र घ्या. वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) पहिला सामना, नववी इनिंग, दोन बाद, यजमान डॉजर्स ३-४ ने मागे. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन बदली बॅटर म्हणून लंगडत आला. समोर ओकलंडचा डेनिस एकर्सली. काउंट लगेच ०-२. गिब्सन फाउल मारत, बाहेरचे चेंडू सोडत ३-२ पर्यंत पोहोचला आणि टाइम घेऊन बॉक्सबाहेर आला. डॉजर्सचे स्काउट (प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारे) मेल डिडिए यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की डावखुऱ्या बॅटरला ३-२ वर एकर्सली बाहेरून आत वळणारा स्लायडर टाकतो. तोच आला. गिब्सनने जवळजवळ एका हाताने तो उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला, ५-४. पायांत जोर नसलेल्या माणसाला कोणता चेंडू येणार हे माहीत होतं, एवढंच पुरलं.

बेसवर कोण आहे?

दुसऱ्या बेसवर रनर आणि एकही बाद नसेल, तर उजव्या बाजूला सरपटी चेंडू घाला. तुम्ही बाद झालात तरी रनर तिसऱ्यावर जातो. तो तिसऱ्यावर आणि बाद दोनपेक्षा कमी असतील, तर आउटफिल्डमध्ये खोलवर उंच चेंडूही रन देतो. पिचरला हे ठाऊक असतं आणि तो खालचेच चेंडू टाकतो. तुम्ही कंबरेच्या आसपासच्या चेंडूची वाट पाहा.

चुकलेला स्विंग मागे सोडा

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठ संघाबरोबर काम करणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा खेळण्यातलं कमोड वापरायचे. खेळाडूने त्याचा फ्लश ओढायचा, चूक वाहून गेली असं समजायचं. पोरकट वाटेल, पण मुद्दा हाच की चूक विसरायलाही एक ठरलेली कृती लागते. बॅटच्या लेबलकडे बघा, श्वास पूर्ण सोडा, मनात एकच वाक्य म्हणा. ते 'वाईट चेंडू मारू नको' असं नसावं, 'आतला फास्टबॉल' असं असावं. आणि हे झटपट करा: मेजर लीगमध्ये २०२३ पासून दोन चेंडूंमधल्या वेळेसाठी घड्याळ आहे आणि ८ सेकंद उरले असताना बॅटर तयार नसेल, तर स्ट्राइक धरला जातो.

पाळी संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या काउंटला काय आलं, तुम्ही कशाची वाट पाहत होता. जोरात मारलेला चेंडू झेलला गेला असेल तर त्यापुढे बरोबरची खूण करा. ज्या चेंडूने तुम्हाला बाद केलं तो पिचर पुन्हा टाकणारच, बहुधा दोन स्ट्राइक झाल्यावर.