दोरीच्या विमानाची टाकी: उंची आणि पॅकिंग

कंट्रोल-लाइन विमान, म्हणजे हातातल्या दोरीवर गोल फिरणारं मॉडेल, सरळ उडताना छान गातं आणि उलटं केलं की खोकायला लागतं? मग इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईला हात लावू नका. मी एक अख्खा हंगाम सुई फिरवण्यात घालवलाय. देवगडकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचा खेळ बघायला शेजारचे आबा यायचे. सगळं आयुष्य मच्छीमारी बोटीवर गेलेलं, डिझेल इंजिनाचे सगळे नखरे पाठ. एक दिवस वैतागून म्हणाले, "उलटा झाला काय खोकता मां? मगे टाकी बघ, सुई कित्याक पिळतंस?"

त्यांचं बरोबर होतं. आपल्या मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाला पंप नसतो. वेंचुरीतून, म्हणजे हवा घेणाऱ्या अरुंद तोंडातून, हवा आत जाताना जी ओढ तयार होते, तिच्यावरच इंधन चढतं. त्यामुळे टाकी स्प्रेबारपेक्षा (वेंचुरीत इंधन सोडणाऱ्या बारीक नळीपेक्षा) खाली असली तर इंधन कमी पोचतं, वर असली तर जास्त. आता विमान उलटं करा: खाली असलेली टाकी वर जाते. म्हणजे सरळ उडताना इंजिन लीन (इंधन कमी), उलटं उडताना रिच (इंधन जास्त). सुई कितीही फिरवा, ती दोन्हीकडे सारखाच बदल करणार. हा फरक तिला मिटवता येत नाही.

खाली सांगितलेली रीत सपाट अंगाच्या, म्हणजे प्रोफाइल मॉडेलसाठी आहे. इंजिन पस्तीसचं (०.३५ घनइंच), साधारण पावणेसहा सीसी, आडवं बसवलेलं. टाकी पत्र्याची, फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या अंगाच्या, फेरीबाहेरच्या बाजूला.

आधी टाकी गळत नाही ना ते बघा. दोन नळ्या बोटांनी बंद करा, तिसरीला सिलिकॉन नळी लावून फुंका आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तिथे सोल्डरचा डाग द्या. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा सांध्यापासूनच गंजतो, त्यामुळे नवी टाकी असली तरी ही पायरी गाळू नका. इंधन ओढणाऱ्या नळीचं आतलं तोंड टाकीच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात पोचलेलं हवं. १८ मीटर दोरीवर सव्वापाच सेकंदांत फेरी घेणाऱ्या विमानात इंधन गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पटींहून जास्त जोराने बाहेर रेटलं जातं. शेवटचा थेंब त्याच कोपऱ्यात सापडतो.

आता रेषा आखा. वेंचुरीच्या मध्यातून मागे फ्यूजलाजवर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढा. टाकीच्या उंचीचा मध्य काढून तिच्यावरही रेघ मारा. सुरुवातीला या दोन रेघा एका पातळीत आणायच्या.

बसवताना टाकी फ्यूजलाजला कायमची चिकटवू नका. हीच चूक सगळे करतात. टाकीच्या खाली लाकडाची एक बारीक फळी इपॉक्सीने चिकटवा, पण ती हवी त्यापेक्षा ६ मिलिमीटर खाली. सुरुवातीला त्या फटीत दीड मिलिमीटर प्लायच्या चार पट्ट्या येतात. टाकी वर न्यायची तर आणखी पट्टी घाला, खाली आणायची तर काढा. बारीक फरकासाठी ०.८ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या वेगळ्या कापून ठेवा. टाकी आणि फ्यूजलाज यांच्यामध्ये मऊ फोम हवाच. कंपनाने इंधनाला फेस येतो, फेसातून हवा नळीत शिरते आणि इंजिन मध्येच उचकी देतं. मी जुन्या हवाई चपलेचा तळ पातळ कापून वापरतो. वरून सायकलच्या ट्यूबच्या दोन कड्या. घट्ट, पण फोम पार दबून दगड होईल इतक्या नव्हे.

मग सड्यावर जा. दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही, म्हणून मघाची बादली पाण्याने भरून बरोबर न्या. मिथेनॉल विषारी आहे, नळी तोंडाने ओढू नका.

चाचणी अशी: विमान सपाट पातळीत स्थिरावलं की सोबत्याने स्टॉपवॉचवर सरळ पाच फेऱ्या मोजायच्या, नंतर उलट्या पाच. उलटं उडवायचा सराव नसेल तर हँडल जाणत्याच्या हाती द्या. लीन इंजिन जोरात फिरतं, म्हणून सरळ फेऱ्या जलद आल्या, तर टाकी खाली आहे: एक पट्टी घाला. उलट्या जलद आल्या, तर एक काढा. एका वेळी एकच. मध्ये सुईला हात नाही! माझ्या विमानात सरळ पाच फेऱ्या २६ सेकंदांत आणि उलट्या २८ मध्ये होत होत्या. दोन पट्ट्या घातल्या, फरक निम्म्यावर आला, तिसरीने जवळजवळ मिटला. पाच फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाच्या आत आलात की पुरे. त्याहून बारीक फरक सड्यावरचा वारा खाऊन टाकतो.

सुई आता लावा.

एवढं करूनही इंजिन अडखळलं तर नळीकडे बघा. पारदर्शक सिलिकॉन नळीत बुडबुडे पळताना दिसले, तर दोष उंचीचा नाही, फेसाचा किंवा गळतीचा आहे. आबांच्या भाषेत, हवा धरली. कॅन उघडा राहिला असेल तर तेही एक कारण. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि किनाऱ्यावर ओढायला पाणी भरपूर.

घरी निघताना टाकी पूर्ण रिकामी करा, इंजिनात दोन थेंब तेल सोडा. आणि शेवटी किती पट्ट्या राहिल्या तो आकडा फ्यूजलाजवर टाकीच्या मागे लिहून ठेवा. पावसाळ्यात टाकी काढली की पट्ट्या कुठल्या डब्यात जातात ते कोणाला आठवत नाही.